प्रेग्नन्सीतलं वजन आणि खाणं: सारखे सारखे येणारे प्रश्न

हे प्रश्न इतक्या वेळा येतात की म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. आकडे सर्वसाधारण आहेत, तुमच्या डॉक्टरांनी तुमचे रिपोर्ट बघून काही वेगळं सांगितलं असेल तर तेच धरायचं. तीच गोष्ट दोनदा लिहायचा मला कंटाळा आहे, त्यामुळे मध्येमध्ये "प्रश्न अमुक बघा" असं दिसेल.

१. नऊ महिन्यांत एकूण किती किलो वजन वाढायला हवं?

सगळ्यांना एकच आकडा लागू नाही आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मैत्रिणीचं १५ किलो वाढलं, माझं ९ च का, असं विचारण्यात अर्थ नाही कारण तुमचं सुरुवातीचं वजन किती होतं त्यावर सगळं ठरतं. जास्त करून जे आकडे वापरले जातात ते अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेले आहेत. प्रेग्नन्सीआधीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) १८.५ च्या खाली असेल तर १२.५ ते १८ किलो, १८.५ ते २४.९ मध्ये असेल तर ११.५ ते १६, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५ आणि ३० किंवा वर असेल तर ५ ते ९ किलो. जुळ्यांचा हिशोब वेगळा, तो प्रश्न १८ मध्ये.

बीएमआय काढायला किलोतलं वजन भागिले मीटरमधली उंची, आणि पुन्हा भागिले उंची. ५८ किलो आणि १६० सेंटीमीटर असेल तर साधारण २२.७ येतो, म्हणजे दुसरा गट. काही डॉक्टर आशियाई बायकांसाठी ओव्हरवेटची रेघ २५ ऐवजी २३ ला धरतात, कारण शुगर-बीपीचा धोका तिथूनच वाढायला लागतो, तर तुमचा बीएमआय २३-२४ असेल आणि डॉक्टर म्हणाले जरा सांभाळून, तर ते उगाच घाबरवत नाहीयेत.

२. प्रेग्नन्सीआधी वजन केलंच नव्हतं, मग कुठून मोजायचं?

पहिल्या तपासणीला जे वजन भरलं तिथून. पहिल्या दोन-अडीच महिन्यांतलं असेल तर फारसा फरक पडत नाही, कारण तेवढ्यात वजन फार हललेलं नसतं. जुना कुठला मेडिकल रिपोर्ट सापडला तर अजून चांगलं.

३. बाळ तर तीन-सव्वातीन किलोचं असतं, मग बाकीचे आठ-नऊ किलो सगळी चरबीच ना?

नाही हो! साडेबारा किलो वाढले असं धरलं तर त्यात बाळ साधारण ३.४ किलो, वार (प्लासेंटा) साडेसहाशे ग्रॅम, गर्भजल ८०० ग्रॅम, गर्भाशय स्वतःच वाढून जवळपास एक किलोने जड होतं, स्तनांचे ४०० ग्रॅम, रक्त वाढतं ते जवळजवळ दीड किलो, शरीरात साठणारं पाणी अजून दीड किलो. उरलेले तीन-सव्वातीन किलो चरबी, आणि तीसुद्धा फुकट नाही, शेवटच्या महिन्यांत आणि पुढे दूध पाजताना तीच कामी येते. सांगायचा मुद्दा असा की काट्यावर जे दिसतं त्यातलं बरंचसं तुमच्या पोटाच्या घेरात राहायला आलेलं नाहीये.

४. "आता दोघांचं खायचं" असं सगळे म्हणतात, म्हणजे दुप्पट खाऊ का?

नको. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या कॅलरी जवळपास लागतच नाहीत. चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज साधारण ३४० जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांत ४५० च्या आसपास, तेही एकच बाळ असेल आणि सुरुवातीचं वजन नॉर्मल असेल तर. ब्रिटनमध्ये तर सरळ सांगतात की पहिले सहा महिने काही वाढवू नका, शेवटच्या तीन महिन्यांत रोज फक्त २०० घ्या. दोन्हीकडचे आकडे वेगळे असले तरी दुप्पट कुणीच म्हणत नाही.

३४० कॅलरी म्हणजे किती तर एक ग्लास दूध, एक केळं आणि मूठभर बदाम, झालं. वाढतात त्या कॅलरीपेक्षा जास्त बाकीच्या गरजा. आयर्न जवळपास दीडपट लागतं, फॉलेट (गोळीत फॉलिक ॲसिड म्हणून असतं ते) दीडपट, आयोडीन दीडपट. म्हणून ताटातलं प्रमाण वाढवण्यापेक्षा ताटात काय आहे ते बदला, नुसता भात किंवा ब्रेड डबल करून आयर्न मिळत नाही.

५. तिसरा महिना संपला, वजन वाढलं तर नाहीच उलट दीड-दोन किलो कमी झालं. बाळाला काही होईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलोच वाढ अपेक्षित असते, आणि मळमळ-उलट्यांमुळे बऱ्याच जणींचं थोडं घटतं. बाळ तेव्हा इतकं लहान असतं की त्याची गरज तुमच्या साठ्यातून आरामात भागते. मळमळ साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होते, नवव्याच्या आसपास जोरात असते आणि बहुतेकींची चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत उतरते.

तोवर जे पोटात राहतंय ते खा. इथे आदर्श आहार वगैरे विसरा. रिकाम्या पोटी मळमळ वाढते म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं, सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच काहीतरी कोरडं, गरम जेवणाचा वास सहन होत नसेल तर गार झालेलं जेवा, पाणी जेवणासोबत न पिता मधल्या वेळात घोट घोट. आल्याने काहींना बरं वाटतं. बी६ ची गोळी डॉक्टर देतात ती पण उपयोगी पडते. आयर्नच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर डॉक्टरांशी बोलून ती काही आठवडे पुढे ढकलता येते, पण फॉलिक ॲसिड सोडायचं नाही.

थांबायचं कुठे, तर आधीच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घटलं (६० किलोच्या बाईचं ३ किलो), पाणीसुद्धा टिकत नाहीये, लघवी अगदी कमी किंवा गडद होतेय, उभं राहिलं की चक्कर येतेय, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय बास, दवाखान्यात जा. सलाईन आणि औषधांनी हे आवरतं, आणि "सगळ्यांनाच होतं" म्हणून अंगावर काढायची गोष्ट नाही ती.

६. मग आठवड्याला किती वाढायला हवं? मी रोज वजन करते.

रोज करू नका, डोक्याला ताप होतो. आठवड्यातून एकदा, तोच काटा, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, साधारण सारख्याच कपड्यांत. चौथ्या महिन्यापासून नॉर्मल बीएमआय असेल तर आठवड्याला सरासरी ४०० ग्रॅम, कमी वजन असेल तर ५००, ओव्हरवेट असेल तर २८०, आणि ३० च्या वर असेल तर २००-२२५ ग्रॅमच्या आसपास.

हे सरासरी आहे बरं का. एका आठवड्यात काहीच नाही आणि पुढच्यात ८०० ग्रॅम, असं होतंच, खारट खाल्लं तरी काटा हलतो, पोट साफ नसलं तरी हलतो. चार आठवड्यांचे आकडे शेजारी लिहून बघा, रेघ कुठे चाललीये ते त्यातून कळतं. नॉर्मल बीएमआयवालीचं विसाव्या आठवड्याला एकूण साडेतीन ते पाच किलो वाढलेलं असेल तर गाडी रुळावर आहे.

७. एकाच आठवड्यात दोन किलो वाढलं, पाय पण सुजलेत. जास्त खाल्लं म्हणून?

खाण्याने एका आठवड्यात दोन किलो चरबी चढत नाही, ते पाणी असतं. संध्याकाळी पाय सुजणं कॉमन आहे. पण विसाव्या आठवड्यानंतर असं अचानक वजन चढलं आणि सोबत चेहरा किंवा हात सुजले, डोकं ठणकतंय आणि थांबत नाहीये, डोळ्यांसमोर ठिपके किंवा अंधुक दिसतंय, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखतंय, श्वास लागतोय, तर त्याच दिवशी बीपी तपासा. १४० वर ९० किंवा जास्त असेल तर प्रीएक्लॅम्प्सियाची (प्रेग्नन्सीत बीपी वाढून होणारा गंभीर आजार) शंका घेतात, लघवीतलं प्रोटीन आणि रक्त तपासतात. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. आणि मीठ बंद करून हे टळत नाही, तेव्हा अळणी खाऊन घरी बसू नका.

८. वजन जास्तच वाढतंय. डाएट करू का? कीटो किंवा इंटरमिटंट फास्टिंग?

दोन्ही नको. प्रेग्नन्सीत उपाशी राहिलं की शरीर नेहमीपेक्षा लवकर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन्स (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढतात, ते वारेतून बाळापर्यंत जातात. सोळा तास पोट रिकामं ठेवायची ही वेळच नव्हे.

गंमत म्हणजे पूर्वी डॉक्टरच बायकांना खायला कमी करायला लावायचे. विसाव्या शतकात बरीच दशकं अमेरिकेत सात-नऊ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही असा दंडक होता, ते १९७० मध्ये थोडं सैल झालं, आणि बीएमआय बघून वेगवेगळा आकडा सांगायची पद्धत १९९० पासूनची. म्हणजे आजी एक सांगते आणि डॉक्टर दुसरं, यात नवल काही नाही.

खरोखर जास्त वाढत असेल तर आधी पिण्याकडे बघा. कोल्ड्रिंक, पॅकेटमधला ज्यूस, दिवसातून चार वेळा गोड चहा, यातून पोट भरत नाही आणि कॅलरी भरपूर जातात. ज्यूसऐवजी आख्खं फळ. मैद्याच्या जागी आख्खं धान्य. टीव्हीसमोर पाकीट फोडून बसायची सवय असेल तर वाटीत काढून घ्या. आणि डॉक्टरांनी मना केलं नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं चालणं, म्हणजे रोजचा अर्धा तास, पाच दिवस. लक्ष्य वजन उतरवायचं नाही, वाढीचा वेग कमी करायचा. हे एवढं बघायचं कशाला तर फार जास्त वाढलं की बाळ मोठं होणं, सीझर, आणि नंतर वजन अंगावर राहून जाणं या तिन्हींची शक्यता वाढते.

९. माझा बीएमआय ३३ आहे. वजन अजिबात वाढवलं नाही तर चालेल का?

ठरवून घटवायचं नाही. तुमच्यासाठी ५ ते ९ किलो, आणि त्यातले बरेचसे बाळ, वार, पाणी, रक्त यातच जातात (प्रश्न ३). काही जणी आधीपेक्षा चांगलं खायला लागतात आणि वजन जेमतेम वाढतं, सोनोग्राफीत बाळाची वाढ व्यवस्थित असेल तर डॉक्टर त्यावर सहसा हरकत घेत नाहीत. चांगलं खाऊन कमी वाढलं आणि उपाशी राहून कमी वाढलं यात फरक आहे.

१०. मी मुळातच बारीक आहे, खाते पण काही लागत नाही.

पोट लवकर भरतं म्हणून ताट मोठं करण्यापेक्षा त्याच घासात जास्त घाला. दलियात दाण्याचं कूट, सूपमध्ये थोडं तेल किंवा बटर, साय न काढलेलं दूध, झोपताना दही किंवा सुकामेवा. दिवसात सहा वेळा खा. वजन फार कमी वाढलं तर बाळ कमी वजनाचं होण्याचा, दिवस भरायच्या आधी येण्याचा धोका असतो, म्हणून सोडून देऊ नका. दोन-तीन तपासण्यांत काटा हललाच नाही तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि पोटातले जंत या गोष्टी डॉक्टरांना विचारा. पोटाची उंची मोजतात किंवा सोनोग्राफी करतात त्यात बाळ नीट वाढत असेल तर अर्धं टेन्शन तिथेच संपतं.

११. प्रोटीन किती लागतं? पावडर घ्यावी का?

दिवसाला साधारण ७० ग्रॅम. अंड्यात ६, ग्लासभर दुधात ८, शिजलेल्या डाळीच्या किंवा कडधान्याच्या वाटीत ८-९, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५ च्या वर. बेरीज करून बघा, बऱ्याच जणींचं जेवणातूनच होतं. होत नसेल तर पावडर घेता येते पण जिममध्ये मिळणारी, जडीबुटी आणि कसले कसले अर्क घातलेली नको, डॉक्टरांना डबा दाखवून मगच.

१२. फॉलिक ॲसिड, आयर्न, कॅल्शियम सगळ्या गोळ्या सकाळी एकदम घेतल्या तर?

आयर्न आणि कॅल्शियम एकत्र नको, कॅल्शियममुळे आयर्न कमी शोषलं जातं. दोघांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. आयर्न लिंबूपाणी किंवा संत्र्याबरोबर घेतलं तर चांगलं लागतं, चहा-कॉफीबरोबर घेतलं तर बरंचसं वाया. शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका.

जागतिक आरोग्य संघटना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम आयर्न आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सांगते. फॉलिक ॲसिड खरं तर दिवस राहायच्या महिनाभर आधीपासून हवं, कारण बाळाच्या मेंदू आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत बंद होते, बऱ्याचदा तोवर टेस्टसुद्धा केलेली नसते. आधीच्या बाळाला त्या नळीचा दोष होता, किंवा फिट्सची औषधं चालू आहेत, तर डोस खूप वेगळा असतो, ४०० वर थांबू नका, विचारा.

१३. चहा-कॉफी पूर्ण बंद करायची?

नाही. दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत चालतं. मोठ्या कपभर फिल्टर कॉफीत १४० च्या आसपास, चहात साधारण त्याच्या निम्मं. चॉकलेट, कोला, एनर्जी ड्रिंक हेही त्यातच मोजा, एनर्जी ड्रिंक तर नकोच. चहा जेवणाला चिकटून नको (कारण प्रश्न १२ मध्ये).

१४. अजिबात काय खायचं नाही ते एकदा सांगाच.

यादी लोक सांगतात तेवढी लांब नाहीये. दारू अजिबात नाही, थोडी चालते असं सुरक्षित प्रमाण सापडलेलं नाही. न उकळलेलं, पाश्चराइज न केलेलं दूध आणि त्याचं चीज नाही. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस, मासे, अंडी नाहीत. दुकानात कापून ठेवलेले थंड मांसाचे पदार्थ वाफ येईपर्यंत गरम करून. यामागे मुख्य भीती लिस्टेरियाची, हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, आईला नुसती कणकण येते आणि बाळाला मात्र जिवावर बेतू शकतं. फळं-पालेभाज्या वाहत्या पाण्याखाली धुवा, मातीतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी येतो.

मासे सोडू नका, उलट आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खावेत असं सांगतात, फक्त शार्क, स्वोर्डफिश, किंग मॅकरेल असे मोठे शिकारी मासे टाळा, त्यांच्यात पारा साठतो. लहान मासे बिनधास्त. लिव्हर मात्र नको, आणि रेटिनॉल असलेल्या व्हिटॅमिन ए च्या गोळ्याही नकोत, ते जास्त झालं की बाळात दोष येऊ शकतात. गाजर, भोपळ्यातलं व्हिटॅमिन ए चालतं, ते वेगळ्या रूपात असतं.

१५. मी शाकाहारी आहे, काही कमी पडेल का?

दूध-अंडी खात असाल तर नीट आखलं की पुरतं. पूर्ण व्हेगन असाल तर बी१२ ची गोळी हवीच, त्यात घासाघीस नाही, भाज्यांमध्ये ते भरवशाचं मिळत नाही. आयर्न, आयोडीन, व्हिटॅमिन डी तपासून घ्या. ओमेगा ३ साठी शेवाळापासून केलेलं डीएचए मिळतं. कोलीन नावाच्या पोषक द्रव्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, ते सोयाबीन, शेंगदाणे, फ्लॉवर यातून थोडं थोडं जमतं.

१६. खडू, माती, बर्फ खावासा वाटतो. डोहाळेच ना हे?

आंबट-गोडाचे डोहाळे वेगळे आणि हे वेगळं. याला पायका म्हणतात, बऱ्याचदा आयर्न कमी असल्याची खूण असते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा दाखवणारी टेस्ट) करून घ्या. मातीतून जंत आणि शिसं जाऊ शकतं म्हणून ती नकोच. लाज वाटून डॉक्टरांपासून लपवू नका, त्यांनी हे शंभरदा ऐकलेलं असतं.

१७. शुगर निघाली. आता भात, फळं सगळं बंद?

२४ ते २८ आठवड्यांत जी ग्लुकोज टेस्ट होते त्यात निघाली असेल तर कार्बोहायड्रेट बंद करायची नाहीत, वाटून घ्यायची. तीन मोठ्या जेवणांऐवजी तीन मध्यम आणि दोन-तीन छोटी खाणी, प्रत्येक वेळी कार्बसोबत प्रोटीन. सकाळी शुगर जास्त चढते, त्यामुळे नाश्त्याला फळ-ज्यूस-ब्रेड एकदम नको. फळ एका वेळी एक, मधल्या वेळी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, मीटरवर फरक दिसतो. शुगरच्या भीतीने काही जणी इतकं कमी खातात की वजन उतरायला लागतं, तसं झालं तर लगेच सांगा. आहाराने आटोक्यात आली नाही तर औषध किंवा इन्सुलिन लागतं, आणि तो तुमचा दोष नाही, वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळेच शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही.

१८. जुळी आहेत. सगळं गुणिले दोन?

नाही. नॉर्मल बीएमआयला १७ ते २५ किलो, ओव्हरवेटला १४ ते २३, ३० च्या वर ११ ते १९. जुळी बऱ्याचदा लवकर येतात, म्हणून वजन शेवटावर न ढकलता पहिल्या पाच-सहा महिन्यांतच नीट वाढलेलं बरं. आयर्नचा डोस डॉक्टर वेगळा देतील.

१९. माझी वजन कमी करायची सर्जरी झालीये.

सर्जरीनंतर १२ ते १८ महिने तरी थांबून मग दिवस जावेत असं सांगतात. आधीच राहिले असतील तर घाबरू नका पण डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. बी१२, आयर्न, फॉलेट, व्हिटॅमिन डी यांच्या तपासण्या वरचेवर लागतात. आणि ती गोड पाणी पिऊन करायची शुगर टेस्ट पोटाची बायपास सर्जरी झालेल्यांना त्रास देऊ शकते, घाम, धडधड, जुलाब होतात, त्याऐवजी घरी आठवडाभर मीटरवर शुगर बघता येते. लॅबला गेल्यावर ऐनवेळी आठवण्यापेक्षा आधीच बोला.

२०. पूर्वी मला खाण्याचा आजार होता, काट्यावरचा आकडा बघितला की पुन्हा ते सगळं सुरू होतं.

मग आकडा बघू नका. काट्यावर पाठ करून उभं राहायचं आणि नर्सला सांगायचं की मोठ्याने बोलू नका, फक्त लिहा. हे मागणं अजिबात विचित्र नाही. जेवण टाळणं, ओकून काढणं परत सुरू झालं असेल तर गायनॅक आणि मानसोपचार दोन्हीकडे एकाच वेळी जा.

२१. नववा महिना लागलाय आणि वजन थांबलं, अर्धा किलो कमीच झालं.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत होतं असं, गर्भजल थोडं कमी होतं, पोट दाबलं जाऊन खाणं कमी होतं. बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे का ते महत्त्वाचं. हालचाल कमी वाटली तर काट्याचा विषय सोडा, ताबडतोब दवाखाना गाठा.

२२. डिलिव्हरी झाली की किती वजन लगेच जातं?

बाळ, वार आणि पाणी धरून पाच-सहा किलो पहिल्याच दिवसांत. पुढच्या एक-दोन आठवड्यांत साठलेलं पाणी लघवी-घामावाटे जातं, बाकीचं सहा महिने ते वर्षभर हळूहळू. दूध पाजत असाल तर रोज ३३० ते ४०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांइतकीच भूक कायम राहते, त्यामुळे पहिले दोन महिने तरी डाएटचं नाव काढू नका. पुढचं बाळ हवं असेल तर त्याचा हिशोब प्रश्न १ पासून नव्याने, तेव्हाच्या वजनावर.